पट्टी आणि दर

नगरपालिकेला द्यायच्या पैशांना आपण पिढ्यान् पिढ्या ‘पट्टी’ म्हणत आलो. घरपट्टी, पाणीपट्टी. गावात जत्रा असली किंवा देवळाचा जीर्णोद्धार निघाला की घरटी पट्टी बसते. ती बसवताना कोण किती जेवणार याचा हिशेब कोणी मांडत नाही. ‘दर’ हा शब्द बाजारातला. जितके माप, तितके दाम. कानडीतही दराला दरच म्हणतात, त्यामुळे आमच्या बेळगावात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तरीही पाण्याची पट्टी जाऊन दर येणार म्हटल्यावर आमची सारी गल्ली अस्वस्थ झाली.

सरकारी कागद कानडीत येतात. मी सहकारी बँकेच्या हिशेबखात्यात उभा जन्म काढला आणि कानडी वाचतो, म्हणून गल्लीतले लोक असले कागद माझ्याकडे घेऊन येतात. मजकूर मराठीत सांगणे सोपे असते. “हे बरोबर हाय काय ओ?” या पुढच्या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड.

जागतिक बँकेच्या कर्जातून बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा या शहरांच्या काही भागांत २००८ साली चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला. तिथे नवे नळ आले, मीटर आले आणि मापाप्रमाणे बिल आले. माझ्या थोरल्या बहिणीचे घर त्या भागात पडले, आमचे बाहेर राहिले. अक्कांच्या घरातले पिंप माळ्यावर गेले. आमच्याकडे मात्र पाण्याचा वार आणि एकादशी दोन्ही कॅलेंडरवर सारख्याच निष्ठेने पाहिल्या जात. ठरावीक पट्टी आम्हाला स्वस्त वाटे. पण टाकी, मोटर, तिची वीज, अडीनडीला मागवलेला टँकर आणि पाण्यासाठी घरात अडकून पडणारे माणूस, हे त्या पट्टीच्या पावतीवर कधी लिहिलेले नसे. आमच्या घरात ते अडकून पडणारे माणूस नेहमी बाईच असे. त्या वेळेची किंमत आमच्यापैकी कोणी पुरुषाने मांडली नाही.

“पाणी देवाचं, त्याला दर कसला?” असे शेजारचे काका म्हणत. पाणी देवाचे खरेच. पण मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयातले किंवा घटप्रभेवरच्या हिडकल धरणातले पाणी शहरात आणायला पंप लागतात, वीज लागते. ते शुद्ध करावे लागते, जलवाहिन्यांची निगा राखावी लागते, माणसांना पगार द्यावा लागतो. टिळकवाडीत १९२४च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर आजही आहे. त्या विहिरीचे पाणी पोहऱ्याने काढणाऱ्याला फक्त स्वतःचे दंड लागत. नळाच्या पाण्यामागचे दंड आपल्याला दिसत नाहीत, एवढाच फरक.

या खर्चातही दोन जाती आहेत. जलवाहिन्या, टाक्या, कर्जाचे हप्ते, पगार हे सारे आपण नळ सोडला नाही तरी चालूच राहते. वीज आणि शुद्धीकरणाचे सामान मात्र उपशाप्रमाणे वाढते. म्हणून शहाणा हिशेबनीस बिलाचे दोन भाग करतो: थोडी कायमची पट्टी आणि वर मापाचा दर. सारी वसुली मापावर टाकली तर घरोघरच्या विहिरी भरलेल्या पावसाळ्यात तिजोरी रिकामी राहील. सारी पट्टीवर टाकली तर बागेत दिवसभर पाइप सोडणारा आणि दोन कळशांत भागवणारी म्हातारी एकाच रकमेला येतील. इथवर गल्लीला पटत असे.

अडले ते टप्प्यांपाशी. कमी वापराला कमी दर आणि जास्त वापराला चढता दर, असे टप्पे करतात. हेतू गरिबाला सांभाळण्याचा आहे. पण आमच्या गल्लीत जुना वाडा आहे. एक नळ, चार बिऱ्हाडे. तिथल्या वहिनींनी विचारले, “आमचं कसं धरणार, भाऊजी?” मी कागद-पेन्सिल घेतली. आकडे सोयीचे घेतले. समजा, महिन्याला पहिल्या १० हजार लिटरना हजारी ५ रुपये, पुढच्या १० हजारांना १० रुपये आणि त्यापुढे २० रुपये. प्रत्येक बिऱ्हाड १० हजार लिटर वापरते. वेगळा नळ असता तर प्रत्येकी ५० रुपये झाले असते. एका मीटरवर ४० हजार लिटर झाले की बिल होते ५५० रुपये, म्हणजे बिऱ्हाडामागे साडेएकशे सदतीस. पलीकडच्या बंगल्यात एकच कुटुंब २० हजार लिटर वापरते. त्याचे बिल १५० रुपये. बंगल्याच्या निम्मे पाणी वापरून वाड्यातले बिऱ्हाड जवळजवळ तेवढेच पैसे भरणार! गरिबासाठी आखलेला टप्पा गरिबाच्याच अंगावर आला, कारण मीटर माणसे मोजत नाही.

यावर उपाय आहे. एका नळावर जितकी बिऱ्हाडे, तितक्या पटीने टप्पे वाढवायचे. मग वाड्याचे बिल २०० रुपये होते आणि प्रत्येकाला ५० रुपयेच पडतात. मी तसा अर्ज लिहून दिला. सह्या घ्यायची वेळ आली तेव्हा वाड्याचे मालक गप्प झाले. भाडेकरूंची नावे सरकारी कागदावर चढली तर उद्या घर सोडायला कोण तयार होईल, ही त्यांची भीती. भाडेकरूंनाही मालकाला दुखवायचे नव्हते. पन्नास रुपयांच्या हिशेबात छपराचा प्रश्न गुंतलेला होता. अर्ज बरेच दिवस माझ्याच टेबलावर राहिला. शेवटी नावांऐवजी फक्त चुलींची संख्या लिहायची, असे ठरले आणि मालकांनी सही केली. अर्ज पोचल्याची पावती मिळाली आहे. उत्तर यायचे आहे.

उत्तर कोणी द्यायचे, हाही प्रश्नच. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा नगरसंस्थांच्या कामांच्या यादीत घातला. पण दराला राज्य सरकारची मान्यता लागते आणि मधल्या काळात महापालिकेत निवडून आलेली माणसे नसली तर विचारायचे तरी कोणाला? आमच्याकडे सप्टेंबर २०२१मध्ये निवडणूक झाली, त्याआधी प्रशासकच कारभार पाहत होते. प्रशासक हिशेब चोख ठेवू शकतो. पण वाड्यात किती चुली पेटतात हे त्याला कोण सांगणार?

सीमाभागात आम्ही कागदाच्या भाषेसाठी पुष्कळ भांडलो आणि ते भांडण खरे आहे. मात्र पाण्याच्या दराचे कोष्टक आकड्यांत असते. त्या वाड्यातल्या चार बिऱ्हाडांत दोन मराठी आहेत, एक कानडी आणि एक उर्दू बोलणारे. चढत्या टप्प्याचा भार चौघांवर सारखाच पडेल. म्हणून अर्जावर चौघांच्याही सह्या आहेत, आपापल्या लिपीत. पुढच्या महिन्यात त्याची चौकशी करायला मी आणि कानडी बिऱ्हाडातले मास्तर बरोबर जाणार आहोत. साहेबांशी ते बोलणार आणि आकडे मी मांडणार, अशी वाटणी झाली आहे.