उंबरखिंडीतली पंचाहत्तरी

पंचाहत्तरी म्हटली की हॉल, शाल, नारळ आणि पंचाहत्तर दिव्यांचे औक्षण हे ठरलेलेच. आमच्या सासऱ्यांनी, अण्णांनी, हा सारा बेत दोन वाक्यांत मोडीत काढला. "मला उंबरखिंडीत न्या. आणि दोन्ही मुलगे एकाच गाडीत हवेत."

खिंड सोपी होती, गाडी अवघड. कल्याणच्या आमच्या जुन्या घराच्या जागी इमारत उभी राहायचे ठरले आणि कोणी कोणता मजला घ्यायचा ह्यावरून हे आणि भावजी दोन वर्षे बोलत नव्हते. भावजी ठाण्याला, आम्ही डोंबिवलीला. लोकलने अर्ध्या तासाचे अंतर. पण निरोप जायचे ते जाऊबाईंच्या आणि माझ्यामार्फत.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मोठी गाडी केली. पुढे अण्णा, मधल्या बाकावर हे, मागच्या बाकावर भावजी आणि मध्ये तहनाम्याची सीमारेषा म्हणून दशम्यांचा डबा. खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागलो, फाट्यावरून आत चावणी गाव गाठले. अंबा नदीच्या पात्रात, खडकावर स्मारक आहे. दोन्ही अंगांना डोंगर. वर कुठेतरी कुरवंड्याचा घाट.

अण्णा खडकावर बसले आणि त्यांचे वय एकदम तिशीवर आले. २ फेब्रुवारी १६६१! शाएस्ताखान पुण्यात ठाण मांडून बसलेला. त्याने कारतलबखानाला कोकणात धाडले. खान लोणावळ्याकडून घाट उतरून इथे आला. वाट एवढी अरुंद की फौज एकामागे एक, आणि झाडीत मावळे दबा धरून. पुढची वाट बंद, मागचीही बंद, वारा नाही, पाणी नाही. खानाबरोबर रायबागन होती, माहूरकडची सरदारीण. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त ती खानाला चांगलेच फैलावर घेते आणि शरण जायचा सल्ला देते. खानाने वकील पाठवला, खंडणी भरली, सामान टाकले आणि जीव घेऊन परतला.

"कापून काढता आला असता," अण्णा म्हणाले, "पण महाराजांनी जाऊ दिला."

मराठी शिकवण्याचा माझा धंदा, म्हणून एक सांगते. पावनखिंडीवर आपण जेवढे गहिवरतो तेवढे उंबरखिंडीवर गहिवरत नाही. समोरचा शहाणपणाने मागे फिरला, की आपल्या कवींची जरा पंचाईतच होते. मला मात्र ती रायबागन फार जवळची वाटते. भर फौजेत खानाला 'आता पुरे' म्हणणे सोपे नव्हे.

अण्णांना कल्याणकर म्हणून एक सल कायमची. खानाची मोहीम होती कल्याण, भिवंडी, पनवेलच्या रोखाने. महाराजांनी १६५७ मध्ये घेतलेले कल्याण ह्या लढाईने त्या वेळी वाचले खरे, पण मे १६६१ मध्ये मोगलांनी ते घेतलेच. "तीन महिन्यांत गेले!" अण्णा असे म्हणाले, जणू सातबारा त्यांच्याच नावावर होता.

जाऊबाईंनी शांतपणे विचारले, "अण्णा, आपल्या घरात खान कोण?"

"मला तर दोन्ही खानच दिसतात. रायबागनही दोन आहेत, पण अजून गप्प आहेत."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. मग मी पर्समधला कागद काढला. त्यावर मजले लिहिले, घड्या केल्या आणि चिठ्ठ्या अण्णांच्या टोपीत टाकल्या. दोघे भाऊ ऊन लागल्यासारखे तांबडे झाले होते. कोणीच टोपीत हात घालीना. शेवटी ह्यांचा घसा कोरडा पडला.

"पाणी आहे का रे?" हे म्हणाले. दोन वर्षांतले पहिले वाक्य.

भावजींनी बाटली पुढे केली. झाकण मात्र स्वतःजवळच ठेवले.

"आधी तू चिठ्ठी उचल," ते म्हणाले.