दावण आणि छावणी

जनावर छावणीत नेऊन बांधणे ही माणदेशातल्या शेतकऱ्याला मानवणारी गोष्ट नव्हे. दावण हा तिकडे घराचाच एक भाग असतो. रात्री अंथरुणावर पडल्यावर अंगणातून रवंथाचा आवाज ऐकू आला म्हणजे घरातली सारी माणसे आहेत असे वाटते. तरीही 2019 च्या उन्हाळ्यात माण-सांगोल्याकडच्या कितीतरी दावणी ओस पडल्या होत्या, आणि उघड्या माळावर पोती, जुनी लुगडी, हिरवी जाळी यांच्या छपरांची गावेच्या गावे उभी राहिली होती.

31 ऑक्टोबर 2018 रोजी सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यानंतर या छावण्या आल्या. मोठ्या जनावरामागे दिवसाला आधी 70, मग 90 आणि मे 2019 पासून 100 रुपये अनुदान, लहानाला निम्मे. हे पैसे शेतकऱ्याच्या नव्हे, छावणी चालवणाऱ्याच्या हाती पडत. मग जनावरांचा आकडा फुगतो अशी ओरड होई, म्हणून त्यांच्या कानांत बिल्ले ठोकून हजेरी घेत. माझ्यासारखे शहरात बसून वर्तमानपत्र वाचणारे म्हणत, एवढा खटाटोप हवा कशाला? पैसे सरळ शेतकऱ्याच्या खात्यात टाकावेत. जनावर आपल्या दावणीला राहील.

अमेरिकेत असेच करतात. तिथे दर गुरुवारी दुष्काळाचा नकाशा निघतो. आपला जिल्हा ठरावीक आठवडे त्या नकाशात गडद रंगात राहिला, की चराऊ कुरण वाळलेल्या गुरेवाल्याला खाद्याच्या खर्चाचा काही भाग रोख मिळतो. 2014 च्या कायद्याने ही योजना कायमची झाली. पण तिथला गुरेवाला ते पैसे घेऊन शेजारच्या राज्यातून गवताचे भारे ट्रकने आणवू शकतो. सांगोल्याजवळच्या एका छावणीत एका म्हातारीला मी हा रोख पैशाचा विचार ऐकवला. दोन खिलारी गाई आणि एक कालवड घेऊन ती तिथे चार महिने राहिली होती.

"पैक्याला काय पानं फुटत्यात व्हय, बाबा?" ती म्हणाली. "गावात कडब्याची पेंडी इकत मिळंना. आन् पाणी? माणसाला टँकर तीन दिसांनी येतो. गाईला काय नोट पाजू?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. छावणीत निदान उसाचे वाढे येत आणि हौद भरलेला असे. वाढ्यांच्या धारदार पात्यांनी जनावरांची तोंडे सोलतात, नुसत्या उसावर ती खंगतातही, पण जगतात. आणि जगणे हाच इथला खरा व्यवहार आहे. दुष्काळात सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात सारे विकणारेच असतात. मातीमोल गेलेली गाय पाऊस पडल्यावर परत घ्यायची म्हटली, तर तेव्हा सारे घेणारे असतात. या दोन बाजारांमधल्या अंतरात लहान शेतकरी कायमचा बिनजनावराचा होतो. अनुदान त्याला तेवढे अंतर ओलांडून देते.

त्याची किंमत मात्र सरकारी दरात धरलेली नसते. म्हातारीचा मुलगा ऊसतोडीला, सून घरी पोरांपाशी, आणि ही इथे बाजेवर. संध्याकाळी नातू सायकलवरून भाकरी घेऊन येई. घर असे तीन ठिकाणी वाटले गेले होते. याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार वेगळीच होती.

"पाऊस पडला की घरी जाल ना, आजी?" मी विचारले.

"सरकार म्हनतंय, पाऊस पडला की जावा." तिने कालवडीच्या पाठीवरची गोचीड काढून दगडावर ठेचली. "पावसाच्या दुसऱ्या दिशी गवत येतं व्हय? बोटभर वाढायला म्हैना लागतो. त्यो म्हैना कुनाच्या कागदात हाय, तेवढं इचारून सांग."