चित्रकारानं कुठे उभं राहावं

चि. सोनूस,

तुझं पत्र आणि सोबतची रेखाटनं मिळाली. महाशिवरात्रीच्या कथेवर तू चित्रं काढते आहेस हे वाचून फार आनंद झाला. हात सफाईदार आहे, झाडांची पानं जिवंत आहेत. पण प्रत्येक चित्रात तू व्याधाच्या पाठीशी उभी आहेस. पुढे त्याचा खांदा, ताणलेलं धनुष्य, आणि लांबवर पाणी पिणारी इवलीशी हरणी. याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. शिकारीच्या चित्रात चित्रकार कुणाच्या बाजूला उभा राहिला, यावर माझ्या मते सगळं अवलंबून असतं.

आधी आकाशापासून सुरुवात करते, कारण शिकारीचं एक फार जुनं चित्र तिथे आहे. हिवाळ्यात ठळक दिसणारे चार तारे आणि त्यांच्या मधोमध एका रेषेत तीन. ग्रीकांना त्यांत ओरायन नावाचा धिप्पाड शिकारी दिसला. तीन तारे त्याचा कमरपट्टा झाले आणि मागून येणारा तेजस्वी तारा त्याचा कुत्रा. आपल्याकडे त्याच ताऱ्यांत शिकार दिसली. चार तारे हरणाचे पाय, वरचे तीन फिकट तारे त्याचं डोकं, आणि कमरपट्ट्याचे तीन तारे म्हणजे पोटात घुसलेला बाण. त्या बाणाची रेघ एका बाजूला वाढव, रोहिणीच्या जवळ जाशील. दुसऱ्या बाजूला वाढव, ग्रीकांचा तो कुत्रा, म्हणजे आपला व्याध सापडेल. आधी रोहिणी उगवते, मग मृग, शेवटी व्याध. पाठलाग रोज रात्री होतो.

ऐतरेय ब्राह्मणात याची गोष्ट आहे आणि ती भीषण आहे. प्रजापतीला स्वतःच्या मुलीची अभिलाषा झाली. ती हरणी होऊन पळाली, हा हरीण होऊन मागे लागला. देवांनी आपली सगळी उग्र रूपं एकत्र करून रुद्र निर्माण केला आणि त्याने बाण मारला. म्हणजे इथलं हरीण निष्पाप नाही आणि बाण ही शिक्षा आहे. लोकमान्य टिळकांनी 1893 साली ‘ओरायन’ लिहिलं, तेव्हा वेदांचा काळ ठरवण्यासाठी याच नक्षत्राच्या कथांचा आधार घेतला होता. त्यांची कालगणना सगळ्या अभ्यासकांना पटली नाही. पण एका जखमी हरणाकडे इतक्या गांभीर्याने पाहणारा दुसरा राजकारणी मला माहीत नाही.

तू टिशियनच्या चित्रांबद्दल विचारलं होतंस. ती जरूर बघ, नीट बघ. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याच्यासाठी त्याने 1556 ते 1559 या काळात ‘डायना आणि ॲक्टिऑन’ रंगवलं. शिकारीला निघालेला तरुण चुकून डायना देवी स्नान करते तिथे येऊन पोचतो, तो क्षण. खांबावर हरणाची कवटी ठेवली आहे, वर कातडी टांगली आहेत. पुढे काय होणार ते टिशियनने तिथेच सांगून टाकलं आहे. देवी त्याला हरीण करते आणि त्याचेच कुत्रे त्याला फाडतात. तो शेवट टिशियनने वेगळ्या चित्रात रंगवला: धड माणसाचं, डोकं हरणाचं, आणि पुढे धनुष्य रोखलेली डायना. तिच्या धनुष्याला दोरीच दिसत नाही. हे चित्र राजाकडे कधी गेलंच नाही. 1576 मध्ये टिशियन वारला तेव्हा ते त्याच्याजवळच होतं. मला ते पहिल्याहून श्रेष्ठ वाटतं. सगळं रान तपकिरी, कुंद, आणि कुणाला दया नाही.

या कथेतला सर्वांत भयंकर तपशील रोमन कवी ओव्हिडने सांगितला आहे. ॲक्टिऑनला ओरडून सांगायचं असतं की मी तुमचा मालक आहे, पण तोंडातून शब्द निघत नाहीत. तिकडे माणूस हरीण झाला की त्याची वाचा जाते. आणि इकडे हरणाला वाचा फुटते! आपल्या शिकारकथांचा सगळा प्रवास मला या एका गोष्टीत दिसतो. महाभारतात पांडूचा बाण लागलेलं हरीण मरता मरता बोलतं. ते हरणाच्या रूपातले किंदम ऋषी असतात, आणि त्यांच्या शापाने पुढचं सगळं कुरुकुल हलतं. पण तिथे बोलायला उशीर झालेला असतो. बाण सुटलेला असतो.

बाण सुटण्याआधी हरीण बोलतं ते जातककथांत. भारहुतच्या स्तूपाचं एक शिल्पचक्र आहे, इसवी सनापूर्वीच्या काळातलं, तांबूस दगडातलं. खाली नदी, सोन्यासारखं हरीण बुडणाऱ्या माणसाला पाठीवर घेऊन पोहतं आहे. वर एका बाजूला तोच माणूस बक्षिसाच्या लोभाने राजाला हरीण दाखवतो आहे आणि राजाने धनुष्य ओढलं आहे. मधोमध हरीण शांत बसलं आहे आणि तोच राजा हात जोडून त्याच्यासमोर उभा आहे. तीन वेळा एकाच गोलात, कुठेही रेघ न मारता! राजाने आता बाण त्या कृतघ्न माणसावर रोखला, तर हरीण त्यालाही वाचवतं. शिल्पकाराने मधली जागा हरणाला दिली आहे, राजाला नाही. ही रुरू हरणाची कथा अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यातही रंगवलेली आहे. तू अजिंठ्याला गेलीस, पण पहिल्या लेण्यातली एका डोक्याची चार हरणं बघून परत आलीस. सगळे तसंच करतात.

आणि हे फक्त कथांतच राहिलं नाही. अशोक आपल्या पहिल्या शिलालेखात सांगतो की पूर्वी राजाच्या पाकशाळेत लाखो प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण मारलं जातं, आणि ते हरीणही नेहमी नाही. एवढ्या मोठ्या सम्राटाने दगडावर इतकी खरी कबुली कोरून ठेवावी, याचं मला अतोनात मोल वाटतं. आठव्या लेखात तो म्हणतो, आधीचे राजे शिकारीच्या सहली करत, मी धर्मयात्रेला निघालो. त्या आठव्या लेखाचा एक तुकडा आपल्या नालासोपाऱ्याला 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सापडला. लोकल ट्रेनच्या अंतरावर!

अकबराची गोष्ट थोडक्यात सांगते. हाकेवाल्यांनी मोठं रान वेढून जनावरं आत कोंडायची आणि मग राजाने शिकार करायची, ही त्याची आवडती रीत. 1567 सालच्या अशा शिकारीचं चित्र ‘अकबरनाम्या’त आहे, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ते ठेवलेलं आहे. 1578 मध्ये भेऱ्याजवळ असाच वेढा पडलेला असताना त्याने अचानक शिकार थांबवली आणि जनावरं सोडून द्यायला लावली.

पण राजांना शिकार सोडणं त्या मानाने सोपं होतं, सोनू. त्यांचा मुदपाकखाना भरलेला होता. तुझ्या कथेतला व्याध गरीब आहे, घरी पोरं उपाशी आहेत. म्हणून मला श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’तून घरोघरी पोचलेली ही कथा या सगळ्यांत मोठी वाटते. हरणी म्हणते, पिलांना भेटून परत येते, मग मार. ती शब्द पाळून परत येते. बरोबर सगळं कुटुंब येतं आणि जो तो म्हणतो, आधी मला. व्याध बसला होता त्या बेलाच्या झाडाची पानं नकळत खालच्या पिंडीवर पडली म्हणून व्याधाला पुण्य मिळालं, असं कथेकरी सांगतात. मला ते पुण्य हरणीच्या शब्दाचं वाटतं आणि तिच्यावर विश्वास टाकणाऱ्या उपाशी माणसाचं. शेवटी सगळे आकाशात जातात: तेच मृग नक्षत्र, तोच व्याध. ज्या ताऱ्यांत वैदिक ऋषींना पोटातला बाण दिसला, तिथेच आपल्या लोकांनी न सुटलेला बाण पाहिला.

म्हणून तुला विनंती आहे. झाडावर बसू नकोस, खाली पाण्याकाठी ये. हरणीच्या उंचीवरून वर बघ आणि व्याधाचा चेहरा काढ: भुकेला, चिडलेला, आणि ऐकणारा. त्याला साधू करू नकोस. आणि काढायला बसण्याआधी कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये जाऊन भारहुतचं ते चक्र प्रत्यक्ष बघून ये. तिकिटाचे पैसे मी पाठवते.

तुझी,
मावशी