गणिताच्या पुस्तकातली रेषा

शि. द. फडणीस यांचे नाव निघाले की मराठी वाचकाला १९५२ सालचे ‘मोहिनी’चे मुखपृष्ठ आठवते : तरुणीच्या साडीवर उंदीर, तरुणाच्या बुशशर्टवर मांजरे आणि खाली एकही शब्द नाही. या मुखपृष्ठाची कीर्ती एवढी वाढली की ज्या कामामुळे फडणीसांची रेषा मुलांच्या दप्तरांतून घरोघरी गेली, त्या गणिताच्या पाठ्यपुस्तकांतील चित्रांकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे वळलेच नाही.

पुण्यातला एखादा वाडा पाडण्याआधी माळा रिकामा केला जातो, तेव्हा दिवाळी अंक जपून बाजूला ठेवले जातात आणि पाठ्यपुस्तके रद्दीत जातात. पण त्या पुस्तकांचा शाई, खळ आणि दमट कागद यांचा मिळून येणारा वास नाकात शिरला की त्या काळी शिकलेल्या माणसाला गणिताचा तास आठवतो, आणि त्या तासाला उदाहरण तसेच सोडून चित्राकडे पाहत बसलेले मूलही आठवते.

फडणीसांचा जन्म १९२५ सालचा, तेव्हाच्या बेळगाव जिल्ह्यातील भोज या गावचा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये उपयोजित कला, म्हणजे छपाई आणि जाहिरात यांसाठी लागणारी कला, शिकून ते पुढे पुण्यात स्थिरावले आणि अनंत अंतरकरांच्या ‘हंस’, ‘मोहिनी’ या मासिकांतून त्यांचे शब्दविरहित हास्यचित्र, म्हणजे खाली संवाद वा मथळा नसलेले चित्र, घडत गेले. ज्याच्या गणिताच्या पुस्तकांसाठी त्यांनी पुढे चित्रे काढली, ते बालभारती या नावाने ओळखले जाणारे पाठ्यपुस्तक मंडळ पुण्यात स्थापन झाले ते २७ जानेवारी १९६७ रोजी.

शब्दविरहित हास्यचित्र हेही एक उदाहरणच असते, कारण उंदीर आणि मांजर यांची बेरीज पाहणाऱ्याने स्वतः करायची असते आणि ती जमली की हसू येते. पाठ्यपुस्तकात मात्र चित्रकाराला उलटी शिस्त पाळावी लागते : पाच आंबे काढायचे तर ते पाचच दिसले पाहिजेत, एकही दुसऱ्याआड अर्धा लपता कामा नये, आणि तरीही पान रुक्ष होता कामा नये. विनोदी चित्रकाराने ही शिस्त स्वीकारणे ही कलेतील पायरी उतरणे नव्हे. पण चित्रकला वरची, सजावट खालची आणि शाळेचे पुस्तक त्याहूनही खालचे अशी उतरंड मानणाऱ्या समीक्षेने या चित्रांवर अन्याय केला, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. ‘अपूर्वाई’तील फडणीसांची चित्रे पु. ल. देशपांडे यांच्या शब्दांसोबत कपाटात टिकली. गणिताच्या चित्रांना असा सोबती नव्हता, आणि अभ्यासक्रम बदलला की जुने पुस्तक बाद होई.

चित्राकडे पाहत बसलेले ते मूल पुढे मोठे होऊन ग्रंथालयात जाते, तिथे मासिकांच्या बांधीव खंडांत त्याला ती रेषा ओळखू येते, आणि ती आधी कुठे भेटली होती हे चटकन उमगत नाही.

एके काळी पाठ्यपुस्तक थोरल्याकडून धाकट्याकडे, मग निम्म्या किमतीत शेजारी, असे फिरत असे, त्यामुळे हाती पडणाऱ्या प्रतीत आधीच्या मुलांनी पेन्सिलीने लिहिलेली उत्तरे असत, बरीच चुकलेली, आणि चित्रातल्या माणसांना मिशा फुटलेल्या असत. संग्राहक कोरी प्रत शोधतात. संग्रहालयांनी मात्र या मिशांसकटची प्रत आवर्जून ठेवावी, कारण ही चित्रे मुलांनी कशी पाहिली याचा लेखी पुरावा तिच्यातच सापडतो.