शेगावच्या नावावर चिखलदरा

आमच्याकडे, म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात, माणसं फिरायला जात नाहीत, दर्शनाला जातात. माहूरची रेणुका, कळंबचा चिंतामणी, पोहरादेवी, शेगाव आणि आयुष्यात एकदा तरी पंढरपूर. माझी आई आता साठीला आली. तिच्या आजवरच्या प्रवासांची यादी केली, तर प्रत्येक मुक्कामाला एकतर देव सापडेल नाहीतर दवाखाना.

त्यामुळे श्रावणात बचतगटाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘लोणार – शेगाव – चिखलदरा, तीन दिवस, दोन मुक्काम, टू बाय टू बस, चहा-नाश्ता-जेवण, सोबत गाईड’ अशी जाहिरात आली, तेव्हा आईनं शेगाव वाचलं, मान डोलावली आणि मग बोट तिसऱ्या नावावर ठेवलं.

“चिखलदऱ्याले कोन्ता देव हाय?”

“देवी आहे,” मी म्हटलं. खोटं नव्हतं. तिथं देवी पॉइंट आहे आणि खाली कपारीत देवीचं ठाणंही आहे. पण चाळीस बायका तिथं काही त्यासाठी जात नव्हत्या.

माझाही त्यात एक हेतू होता. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. (यवतमाळ म्हटलं की पुण्यात समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो, म्हणून सांगून टाकते: झोपेत हार्ट अटॅक आला.) वारसाचा फेरफार होऊन सातबाऱ्यावर आईचं नाव लागलं होतं. पाच एकर, त्यात तीन एकर पराटी आणि बाकी सोयाबीन-तूर. दादाचं आणि माझं म्हणणं होतं की वावर मक्त्यानं द्यावं आणि तिनं पुण्याला यावं. हे घरी बोलता येत नाही. घरी ती सतत कशासाठी तरी उठते. बसमध्ये कुठं उठणार?

निंदण आटोपलं होतं, खताचा दुसरा डोस पडला होता, पोळ्याला अजून वेळ होता. आमच्या भागातल्या बायांना ऑगस्टमध्ये तीन दिवस मिळतात, ते असे.

गाईड म्हणजे परतवाड्याचा बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. गळ्यात आयकार्ड, हातात माईक, सगळ्यांना काकू म्हणणारा. मानोऱ्याच्या पुढं त्यानं अंताक्षरी सुरू केली. आई खिडकीशी होती. तिला अंताक्षरी ऐकूच आली नाही. ती वावरं वाचत होती. “इथं पाणी थांबलं.” “हे पाहाय, यानं तूर दाट पेरली.” “इकडची पराटी आपल्याहून ठेंगणी हाय, पण पात्या बऱ्या हायेत.” मंगरूळपीर, वाशीम, रिसोड, तिच्यासाठी हे सगळं एकच लांबलचक वावर होतं, फक्त मालक बदलत होते. मी मोबाईलवर रील्स बघायचं बंद केलं आणि तिच्या बाजूनं बघू लागले. खिडकीतून बघायला इतकं काही असतं हे मला माहीत नव्हतं, आणि मी त्याच मातीतली आहे.

लोणारला काठावर उभं राहून पोरानं छान सांगितलं. आकाशातून अशनी येऊन बेसॉल्टच्या खडकावर आदळली, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर पडलं. पाणी खारट आणि अल्कधर्मी. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, क्षारात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं. त्याच वर्षी ते रामसर यादीतही गेलं. मग त्यानं लवणासुराची गोष्टही सांगितली, विष्णूनं त्याला मारल्याची. दोन्ही गोष्टी त्यानं सारख्याच श्रद्धेनं सांगितल्या आणि बायकांनी सारख्याच श्रद्धेनं ऐकल्या. आईनं फक्त एक प्रश्न विचारला.

“आभायातून गोटा पडला, तं कोनाच्या वावरात पडला असन?”

सगळे हसले. ती हसली नव्हती.

शेगावबद्दल काय लिहू. रांग, दर्शन, पिठलं-भाकरीचा महाप्रसाद, रात्री मुक्काम, सकाळी कचोरी. आई तिथं अगदी घरच्यासारखी होती, जिथं काय करायचं ते माहीत आहे अशा ठिकाणी माणूस असतो तशी.

खरी गंमत तिसऱ्या नावापासून. अकोट, अंजनगाव करत परतवाड्याच्या बाजूला संत्र्याच्या बागा सुरू झाल्या, मग घाट लागला, सागाची रुंद पानं काचेला घासू लागली आणि एका वळणावर सगळं पांढरं झालं. श्रावणातला चिखलदरा म्हणजे ढगात जाऊन बसणं. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपासची सातपुड्याची ही माथ्यावरची वस्ती, विदर्भाचं एकुलतं एक थंड हवेचं ठिकाण, आणि आम्हाला दहा फुटांपुढचं दिसत नव्हतं. पोरगा खचला नाही. प्रत्येक पॉइंटवर तो आम्हाला उतरवायचा, रेलिंगपाशी उभं करायचा आणि पांढऱ्या भिंतीकडं हात करून सांगायचा. इथून खाली भीमकुंड दिसतं. भीमानं कीचकाला मारून याच दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा, त्याचा चिखलदरा. तिकडं समोर गाविलगड. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीनं तो भोसल्यांकडून घेतला, पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. बायका पदर डोक्यावर घेऊन गंभीरपणे धुक्याकडं बघत होत्या. काहींनी सेल्फीही काढले.

“पडदा लावेल हाय आज,” आई म्हणाली.

देवळात नैवेद्याच्या वेळी पडदा लावतात, तो. तिची तक्रार नव्हती. पडदा लागला की माणूस थांबतं, एवढंच. मी मात्र मनात पॅकेजचे पैसे भागून बघत होते, प्रत्येक पॉइंटमागं किती पडले ते.

दुपारी शक्कर तलावापाशी अर्धा तास सोडलं. तलाव छोटा आहे, खरं सांगायचं तर. आमच्याकडं इसापूर धरणाचं पाणी बघितलेल्या माणसाला हा म्हणजे टाकं. पण धुकं थोडं वर उचललं गेलं होतं, बोटी काठाला हलत होत्या. पोरगा सांगत होता की गाविलगडावरही असेच तलाव आहेत. आई बराच वेळ काही न करता बसली. मी तिला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. हातात निवडायची भाजी नाही, जपमाळ नाही, फोन पिशवीत.

वाटलं, हीच वेळ. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात ती उठली. रस्त्याच्या कडेला एक कोरकू बाई शेगडीवर कणसं भाजत होती, तिच्यापाशी जाऊन बसली. कोरकू ही भाषा आपल्या कुठल्याच भाषेची बहीण नाही. तिचं गोत तिकडं झारखंडच्या संथाली-मुंडारीत. त्या दोघींनी मधल्या हिंदीत जमवलं. आईची हिंदी सिरियलमधली. बियाणं घरचं की दुकानचं? घरचं. डुकरं येतात का? रोज. मग राखण कोण करतं? बाईनं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मचाणावर रात्रभर बसते म्हणाली, नवरा कामाला बाहेर असतो. आईनं दोन कणसं घेतली आणि पैसे देताना आणखी काहीतरी विचारलं, जे मला ऐकू आलं नाही.

बसकडं जाताना कणीस खात खात तीच बोलली. माझ्याकडं न बघता.

“तुमी दोघं मले कायले आनलं थे मले समजते.”

मी काही बोलले नाही.

“मक्त्यानं द्याचं तं देता येते. पन तुह्या बापाच्या नावावर व्हतं तवा मी राबली. आता माह्या नावावर हाय. दोन-तीन सालं तं करू दे मले. मालकीन म्हनून.”

“गुडघे?”

“गुडघे पुन्यातही दुखतीन.”

यावर माझ्याकडं उत्तर होतं. डॉक्टर, लिफ्ट, फिजिओथेरपी, सगळं पाठ होतं. तिनं अर्धं राहिलेलं कणीस माझ्या हातात दिलं आणि बसमध्ये चढली.

रात्री हॉटेलवर दादाचा फोन आला. मी सांगितलं, यंदा राहू दे. तो चिडला. त्याचंही बरोबर आहे. पावसाचा भरवसा नाही, कापसाच्या भावाचा त्याहून नाही, आणि ती एकटी आहे. मी ते नाकारलं नाही. पण सातबारा त्याच्याही नावावर नाही आणि माझ्याही, हे त्याला आठवण करून द्यावं लागलं. पलीकडच्या पलंगावर आई डोळे मिटून पडली होती. झोपली नव्हती, झोपेत ती घोरते.

दुसऱ्या दिवशी निघताना इतर बायका खव्याच्या दुकानात शिरल्या. आई गाईडपाशी गेली.

“बाबू, थे दरी दिसते कवा?”

“ऑक्टोबरनंतर या काकू. एकदम क्लिअर असते. अन् थंडी पण.”

“तवा वेचनी असते.”

पोरगा गोंधळला. त्याच्या माहितीपत्रकात वेचणी नव्हती. आईनं बोटांवर काहीतरी मोजलं.

“उन्हायात दिसते का?”

“दिसते ना. पण हिरवं नसते तेव्हा, काकू.”

“नसू दे,” ती म्हणाली, “वखरून झालं का येतो मी.”

आणि त्याचा नंबर सेव्ह करून दे म्हणून फोन माझ्या हातात दिला.