फडताळाचा वास

सुतारकाकांनी रंध्याचा पहिला हात मारला आणि मी त्यांच्यासाठी आणलेला चहा हातात धरून दारातच थांबले. फळीवरून एक पातळ, कुरळं सालपट सुटलं, स्वतःभोवतीच गुंडाळत खाली पडलं, आणि त्याच्या मागोमाग तो वास आला. तेलकट, किंचित कडवट, कातडी चपलांच्या जवळपास जाणारा. पण चपलांना कधी नसतं असं काहीतरी कोवळं त्यात होतं. वरचा काळपट थर, त्यावरचे धुराचे, तेलाचे, चार पिढ्यांच्या हातांचे डाग बाजूला झाले आणि खालून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं. काकांनी सालपट उचललं, बोटांत चुरडलं, नाकाशी नेलं.

"बर्मा नाय ताई, वलसाडी पन नाय. आपल्याच बाजूचा साग हाय. पन तेल बघा अजून कसं."

मला तेल दिसत नव्हतं. मला अण्णांची पाठ दिसत होती.

बदलापूर गावातलं आमचं घर उल्हास नदीच्या अगदी काठावर नाही. पण भर पावसाळ्यात, रात्री सगळं निजलं की तिची गाज ऐकू येईल इतकं जवळ आहे. भिंती दगडमातीच्या, दीड हात जाड. अशा भिंतीला पोट असतं. ओसरी आणि माजघर यांच्यामधल्या खोलीत, भिंतीच्या त्या पोटात, पणजोबांनी दोन फडताळं करून घेतली होती. कपाट आणि फडताळ यांत मला लहानपणापासून फार मोठा फरक वाटत आला आहे. कपाट पाहुण्यासारखं भिंतीला टेकून उभं असतं, घर बदललं की टेम्पोत चढतं. फडताळ घराबरोबर राहतं, नाहीतर घराबरोबर पडतं. हल्लीचे इंटिरियरवाले त्याला 'इनबिल्ट' म्हणतात. म्हणोत बापडे.

आजीच्या काळापर्यंत त्यात लोणच्याच्या बरण्या आणि सणावारी निघणारी भांडी असत. पुस्तकं आली ती अण्णांबरोबर. अण्णा अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. एकाच स्टेशनाचा प्रवास, पण लोखंडाचा आणि मशीनच्या तेलाचा वास अंगावर घेऊन ते असे घरी यायचे, की जणू फार लांबून आले आहेत. आल्यावर मोरीत कोपरापर्यंत हात घासायचे, पंच्याला पुसायचे, पुन्हा एकदा नाकाशी नेऊन पाहायचे, आणि मगच फडताळाची कडी काढायचे. बिजागरी कुरकुरायची. दार उघडताच आतली हवा सावकाश बाहेर यायची आणि मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून, डोळे मिटून ती घ्यायची. त्यात वेखंडाची पुरचुंडी होती, वाळलेल्या कडुलिंबाचा पाला होता, चुना होता, आणि या सगळ्यांच्या खाली तो एक गडद, उबदार वास. मला वाटायचं, हाच पुस्तकांचा वास. पुढे किती वाचनालयांतून, किती दुकानांतून किती पुस्तकं हुंगली असतील! तो वास कुठेच भेटला नाही, आणि दर वेळी मला वाटलं की पुस्तकं आता पूर्वीसारखी राहिली नाहीत. रंध्याच्या त्या एका हाताने उलगडा झाला. इतकी वर्षं मी सागावर प्रेम करत होते आणि श्रेय साहित्याला देत होते.

एखाद्या रविवारी अण्णा मला अंबरनाथच्या शिवमंदिरात न्यायचे. शके 982, म्हणजे इसवी सन 1060, शिलाहारांचं राज्य, हे सगळं ते सांगायचे आणि मी विसरायची. लक्षात राहिल्या त्या गाभाऱ्यात उतरणाऱ्या पायऱ्या. एकेक पायरी खाली जावं तसा ओल्या दगडाचा, बेलाचा, साचलेल्या पाण्याचा वास गळ्यापर्यंत चढत येई. बाहेर वालधुनी नदीच्या बाजूला भिंतीतले कोनाडे दाखवत अण्णा म्हणायचे, "याला देवकोष्ठ म्हणतात." काहींतल्या मूर्ती झिजलेल्या, काही नुसतेच रिकामे. "यातला देव कुठे गेला?" मी विचारायची. अण्णा हसायचे. "येईल. जागा ठेवलीये ना." घरी आले की मला आमची दोन फडताळंही तशीच वाटायची.

आणि मग 26 जुलै 2005.

त्या दिवसाबद्दल आमच्याकडे कुणाला काही सांगावं लागत नाही. प्रत्येकाच्या भिंतीवर त्या पुराची रेघ होती. आमच्या खोलीत ती कमरेच्या वर होती. पुस्तकं लावताना अण्णांनी शहाण्या माणसाने करावं तेच केलं होतं, जड पुस्तकं खाली आणि हलकी वर. त्यामुळे कवितासंग्रह वाचले, नाटकं वाचली, आणि महिन्याच्या पगारातून एकेक करून घेतलेले विश्वकोशाचे आणि महादेवशास्त्री जोशींच्या संस्कृतिकोशाचे खंड बुडाले. पाणी उतरल्यावर आम्ही दार उघडायला गेलो तर ते उघडेना. आतला कागद फुगला होता. खंड एकमेकांना आणि चौकटीला असे घट्ट दाबून बसले होते की एकही बाहेर ओढता येत नव्हता. फुगणाऱ्या कागदात केवढी ताकद असते, हे मी तेव्हा पाहिलं. सागाची ती उभी चौकट खालपासून वीतभर तडकली होती. अण्णांनी पहारीने मधली फळी उचकटली, पुस्तकं सुटी केली. मग कितीतरी दिवस गच्चीवर, ओट्यावर, पंख्याखाली, पानापानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालून आम्ही खंड वाळवत होतो. गुळगुळीत कागदावरची चित्रांची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली. ती सोडवताना अण्णा एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवसांत फडताळाला गाळाचा वास होता. तो नंतर गेला, असं सगळे म्हणतात.

अण्णा गेल्यावर खोली तशीच पडून राहिली. आता घरूनच काम करायचं ठरल्यावर मी ती उघडली. अभ्यासाची खोली करायची, दोन फडताळं दुरुस्त करायची, त्यांच्यामधल्या भिंतीवर जमिनीपासून आढ्यापर्यंत फळ्या बसवायच्या. आधी सोपा मार्ग पाहावा म्हणून उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेले. सोफे, पलंग, टीव्हीचे शोकेस यांच्या गर्दीत पुस्तकांचं कपाट विचारलं तर जे दाखवलं त्याची खोली अशी, की त्यात फुलदाणी शोभावी. एका दुकानातल्या वृद्ध सिंधी मालकांनी मात्र विचारलं, पुस्तकं किती आहेत? मग आपणहून सांगू लागले. फाळणीनंतर लष्कराच्या छावणीतल्या बराकीत त्यांचं कुटुंब आलं, तेव्हा अजून गावाला उल्हासनगर हे नावही मिळालं नव्हतं. वडिलांनी सिंधमधून सोबत आणलेलं एक पुस्तक एका खोक्यावर ठेवलेलं असे. ते अजून घरात आहे, पण अरबी लिपीतलं. मुलांना वाचता येत नाही, नातवंडांना तर ते सरळ कुठून धरायचं तेही कळत नाही. "पर रखा है," म्हणाले. मी काहीच विकत घेतलं नाही. त्यांनीही आग्रह केला नाही.

खरं दुखणं लाकडात नव्हतं, भिंतीत होतं. पुरानंतर कुणाच्या तरी सल्ल्याने आम्ही निम्म्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला होता. वरून चकचकीत, आतून भिंत कोंडलेली. चुन्याची भिंत ओल पिते आणि सोडते. सिमेंटने तिचं तोंड बांधलं आणि सगळी ओल फडताळाच्या पाठीतून बाहेर येऊ लागली. तिथेच वाळवीची मातकट वाट चढलेली सापडली. गिलावा खरवडून पुन्हा चुना केला, महिनाभर भिंत उघडी ठेवली, आणि नव्या फळ्या भिंतीपासून दोन बोटं पुढे बसवल्या, हवा खेळावी म्हणून. फळी तीन फुटांहून लांब ठेवायची नाही, हेही काकांनीच ठरवलं. तीन फुटांत पुस्तकं उभी केली की पंचवीस-तीस किलो भरतात, मग चांगली फळीसुद्धा झुकते. काकांनी आयुष्यात किती वाचलं असेल ठाऊक नाही. पुस्तकांचं वजन मात्र त्यांना माझ्याहून नीट कळतं.

जुन्या दिवाळी अंकांचे दोन गठ्ठे कुळगावात श्याम जोशींनी उभ्या केलेल्या 'ग्रंथसखा' वाचनालयासाठी बाजूला काढले. तिथे त्यांना सोबत मिळेल. बाकीची पुस्तकं पुसत बसले असताना एका दुपारी मला बँकेत जावं लागलं. परत आले तर काकांनी चौकटीची चीर भरून टाकली होती. सागाचाच भुसा सरसात कालवून, दाबून, घासून, वर चपड्याच्या पॉलिशचा हात. मी त्यांना सांगणार होते, ती राहू दे. सांगायचं राहून गेलं. आता बोट फिरवते तर चीर कुठे होती ते हाताला लागत नाही. काम इतकं सुंदर की रागावताही येईना. "दिसतीय का कुठं?" त्यांनी कौतुकाने विचारलं. नाही म्हटलं. खरंच दिसत नव्हती.

सगळ्या खोलीभर स्पिरिटचा आणि लाखेचा वास भरून राहिला आहे. त्याखाली साग कुठे असलाच तर मला सापडत नाही. मी कडुलिंबाचा पाला वाळत घातला आहे, वेखंडाची पुरचुंडी बांधली आहे, आणि रोज सकाळी दार उघडून उगीच एकदा नाक आत घालते. मुलगी शाळेतून आली की फडताळाशी उभी राहते, लांब श्वास घेते. "मस्त वास येतो गं इथे," म्हणते. पॉलिशचा. तिला काय सांगणार.

खालचे दोन कप्पे रिकामेच ठेवले आहेत. ठरवलं असं काही नव्हतं, पुस्तकं लावायला बसले आणि हात तिथे जाईना.

शेवटी एकच खंड उरला. पुरातून आलेला, वाळून दुपटीने जाड झालेला, पानं पंख्यासारखी उलगडलेली. उभा राहत नाही आणि आडवा कुठल्याच फळीखाली मावत नाही. काकांनी तो दोन्ही हातांत घेतला, वरून हलके दाबून पाहिला. तो पुन्हा वर आला.

"ह्यो आता असाच ऱ्हानार का?"

"असाच."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, खंड फळीवर आडवा ठेवला, त्याच्या वर बोटभर जागा सोडून भिंतीवर एक बारीक खूण केली, आणि वरची फळी काढायला घेतली.