घरघर कुठून येते

आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. रेक्टिफायरमधून जाताना तिच्या लाटेची खालची बाजूही वर उचलली जाते, आणि तिचे चढउतार सपाट करणारा पुढचा कपॅसिटर थकलेला असला तर स्पीकरमधून सेकंदाला शंभर कंपनांचा एक जाड, सलग सूर निघत राहतो. हार्मोनियमवर सफेद एकचा अगदी खालचा पंचम जिथे लागतो, त्याच्या जरासा वर. मी लिहितो आहे ते बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याहून. हे संत प्रल्हाद महाराज रामदासींचं गाव. इथल्या कानांना भजनाची पट्टी ठाऊक आहे, म्हणून हा सूर इथे जास्त खुपतो असं मला वाटतं. तो कुठल्याच पट्टीत नीट बसत नाही आणि थांबतही नाही. अमेरिकेत वीज साठ हर्ट्झची, त्यामुळे तिथल्या जुन्या मशीनची घरघर एकशेवीसवर लागते. यंत्र तेच, बिघाडही तोच, सूर मात्र देशादेशाच्या विजेप्रमाणे बदलतो.

इथली गोष्ट आहे ती एका व्हिडिओ गेमच्या मशीनची. जवळच्या तालुक्याच्या गावातलं पार्लर कधीच बंद पडलं आणि तिथलं एक मशीन साखरखेर्ड्यातल्या दुरुस्तीवाल्या काकांकडे येऊन थांबलं. प्लायवूडचा खोका, आत जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब, चकाकी गेलेल्या जॉयस्टिक, आणि बोर्डवर ‘मुस्तफा’. गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ मध्ये काढला, मार्क शुल्ट्झच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या अमेरिकन कॉमिक्सवरून. त्यातल्या चार खेळाडूंपैकी पिवळ्या टोपीचा मुस्तफा कैरो आपल्याकडच्या पोरांना एवढा भावला की गेमलाच त्याचं नाव पडलं. पार्लर उघडं आहे की नाही हे गल्लीच्या तोंडाशीच कळायचं. गुद्द्यांचे आवाज, नाणं पडल्याची टिंग, मध्येच एखाद्या डायनासोरची डरकाळी. खिशात रुपया नसला तरी तेवढं फुकट ऐकायला मिळायचं, आणि ज्यांच्या खिशात तो सहसा नसे त्यांनी ते किती मन लावून ऐकलंय हे त्यांनाच विचारावं.

आपल्याकडच्या पार्लरांत बहुतेक बोर्ड नक्कल केलेले असत. मूळ बोर्डावर क्यूसाउंड नावाची आवाजाची खास व्यवस्था होती. नकलांमध्ये ती काढून साध्या चिपवर काम भागवलेलं असायचं. त्यामुळे आपल्या आठवणीतला मुस्तफा मुळातच घोगरा आहे. त्याच्या ओरडण्याला कडा आहेत, संगीत दबकं आहे. हा घोगरेपणा काढता येत नाही, आणि माझं मत विचाराल तर काढूही नये, कारण आपण जो ऐकला तो हाच. पण त्याच्या खाली जी घरघर, भुणभुण, चरचर साचली आहे ती त्याची नव्हे. वर्षांनी, उन्हाने, ढिल्या वायरींनी आणून टाकलेली आहे. ती वेगळी काढायची तर आधी दोन्ही वेगळं ऐकू यायला हवं.

काकांनी वाल्वच्या रेडिओंपासून काम सुरू केलं. मशीन चालू झालं की ते स्क्रू ड्रायव्हरला हात लावत नाहीत, नुसते उभे राहतात. मग म्हणतात, “व्हॉल्यूम पुरा बंद करा भाऊ, अन् सांगा काय ऐकू येते.”

या एका कृतीने अर्धं मशीन निकालात निघतं. व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावरही घरघर तशीच राहिली, तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे आहे: ॲम्प्लिफायरमध्ये, त्याच्या सप्लायमध्ये, स्पीकरच्या वायरीत. ती व्हॉल्यूमबरोबर कमी झाली, तर मागे बोर्डाकडे जायचं. बटण फिरवताना कढईत मोहरी पडल्यासारखं तडतडलं, तर त्या व्हॉल्यूम कंट्रोलची कार्बनची पट्टीच झिजली किंवा मळली आहे. ते साफ करायचं, नाहीतर सरळ बदलायचं. इथे घरघर तशीच राहिली.

मग पाळी कपॅसिटरची. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत ओलसर द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू उडून जातो. साध्या कपॅसिटरवर ८५ अंश लिहिलेलं असतं, चांगल्यावर १०५. त्या तापमानाला त्याचं आयुष्य साधारण हजार-दोन हजार तासांचं धरतात, आणि तापमान दर दहा अंशांनी उतरलं की ते अंदाजे दुप्पट होतं. म्हणजे २,००० तासांचा ८५ अंशांचा कपॅसिटर ५५ अंशांना १६,००० तास टिकावा. आता बुलढाण्याचा मे महिना घ्या. पत्र्याचं छप्पर, बंद प्लायवूड, आत तापलेली ट्यूब, आणि पार्लर सकाळपासून रात्रीपर्यंत चालू. रोज दहा तास धरले तरी चार-साडेचार वर्षांत ते १६,००० तास संपतात. या मशीनचं वय तीस वर्षांच्या आसपास. मशीन बंद करून काकांनी जुन्या कपॅसिटरला समांतर एक नवा जोडला, धन-ऋण दोनदा तपासून, आणि पुन्हा चालू केलं. जाड सूर खाली बसला. आतापर्यंत त्याच्या आड दडलेला दुसरा आवाज वर आला.

हा दुसरा आवाज फार विलक्षण होता. तो चित्राबरोबर बदलायचा. गेममध्ये स्फोट होऊन पडदा पांढरा झाला की भुणभुण वाढायची, काळोख्या गुहेत शिरलं की कमी व्हायची. डोळे मिटूनही पडद्यावर उजेड आहे की अंधार हे सांगता आलं असतं. कारण असं की चित्र सेकंदाला साठेक वेळा नव्याने आखलं जातं, त्याला लागणारा करंट आणि आवाजाचा करंट एकाच बारीक ग्राउंडच्या वायरीने परतत होते, आणि त्या वायरीच्या रोधामुळे चित्राचा भार आवाजात सांडत होता. ॲम्प्लिफायरपासून सप्लायपर्यंत स्वतंत्र, जाड ग्राउंडची वायर टाकली, आवाजाची वायर ट्यूबपासून लांबून नेली, तिचं जाळीचं आवरण एकाच टोकाला जोडलं. दोन्ही टोकांना जोडलं की तिथे नवं वर्तुळ तयार होतं आणि घरघर मागल्या दाराने परत येते. एक गोष्ट इथे मुद्दाम सांगतो: काही बोर्डांवर स्पीकरची वजा वायर ग्राउंडची नसतेच, दोन्ही टोकं जिवंत असतात. ती ग्राउंडला टेकवली तर ॲम्प्लिफायर जळतो.

तरीही काहीतरी उरलं होतं. बारीक, कर्कश. जॉयस्टिकच्या पत्र्याला हात टेकला की ते बदलायचं, आणि हाताला मुंग्या यायच्या. काकांनी ॲम्प्लिफायरचा बारा व्होल्टचा सप्लाय काढून त्या जागी ट्रॅक्टरची बॅटरी लावली. ॲम्प्लिफायर आता मेन्सवर नव्हता; तरीही आवाज होताच. आता शोध मशीनबाहेर भिंतीकडे वळला. प्लग तीन पिनांचा होता, सॉकेटही तीन भोकांचं, पण त्या तिसऱ्या भोकामागे वायर जोडलेली नव्हती. पॉवर सप्लायमधले फिल्टरचे छोटे कपॅसिटर अर्थिंगच्या भरवशावर बसवलेले असतात. अर्थिंगच नसेल तर सगळा पत्रा मेन्सच्या निम्म्या व्होल्टेजला तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या. पार्लरमधल्या कितीतरी पोरांनी त्या मुंग्या खेळाचाच भाग समजून सोसल्या असतील. हे मला आजही अस्वस्थ करतं, कारण त्याच मशीनमध्ये एखादी खरी वायर सुटून पत्र्याला लागली असती तर अडवायला काहीच नव्हतं.

वायर जोडून आवाज कमी झाला, गेला नाही. दिवस उन्हाळ्याचे होते. काका मागच्या अंगणात, अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेले.

इथली जमीन काळी. पावसाळ्यात ती पाणी धरून फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढी भेगाळते. अर्थिंगच्या सळईभोवतीची मातीही तशीच आक्रसून सळईपासून सुटते. मग सळई जमिनीत उभी असूनही जमिनीला लागलेली नसते. म्हणून तर खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरतात, ओल टिकावी म्हणून, आणि उन्हाळ्यात वरून पाणी ओतायचं असतं. कित्येक घरांत हा खड्डा कुठे आहे हेच कुणाला आठवत नाही. काकांनी खड्डा मोकळा केला, सळई घासली, कोळसा-मीठ नव्याने भरलं आणि बादल्या ओतल्या. मला ही दुरुस्ती सगळ्यांत जास्त आवडली. स्पीकरमधल्या आवाजाचा माग काढत माणूस जमिनीच्या ओलीपर्यंत पोचतो, आणि तिथे पाणी घालून मशीन सुधारतं.

संध्याकाळी मशीन पुन्हा लावलं. मुस्तफा त्याच्या जुन्या घोगऱ्या आवाजात ओरडला, आणि दोन ओरडण्यांच्या मध्ये मला काहीच ऐकू आलं नाही. काकांनाही नाही. दारात उभा असलेला शेजारचा शाळकरी पोरगा मात्र म्हणाला, “काका, शिटी वाजून राह्यली की.”

तो बरोबर होता. ट्यूबवरच्या आडव्या रेषा सेकंदाला साडेपंधरा हजारांहून जास्त वेळा आखल्या जातात. त्या सर्किटमधली एखादी कॉइल किंवा ट्रान्सफॉर्मरचा गाभा ढिला असला की तो तेवढ्याच वेगाने थरथरतो. वय वाढलं की कानाला सगळ्यांत आधी हेच उंच सूर ऐकू यायचे थांबतात. आम्हां दोघांच्याही कानांतून तो सूर केव्हाच गेलेला होता.

काकांनी त्याला मशीनसमोर, लांब, स्टुलावर बसवलं. ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या पुढे ताण असतो आणि मशीन बंद केल्यावरही तो काही काळ मुरलेला राहतो, म्हणून पोराला मागे यायची सक्त मनाई. स्विच बंद केला, ट्यूब डिस्चार्ज केली, एका ढिल्या कॉइलवर वार्निशचे थेंब सोडले, वाळायला वेळ दिला, पुन्हा चालू केलं.

“आता?”

“कमी झाली. पण येते अजून.”

काकांनी परत स्विच बंद केला आणि ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याच्या क्लिपकडे वळले.